शुभ्र कडा आणि हिरवे रान

सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला कडा म्हटला की काळा कातळच आठवतो. पावसाळ्यात तो न्हाऊन चकाकतो, वैशाखात तापून निघतो, त्याच्या अंगावर शेवाळ चढते आणि वाळते. पण त्याचा मूळचा काळा रंग काही पालटत नाही. म्हणून समुद्राच्या काठी दुधासारखे पांढरे कडे उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर अगदी टोकापर्यंत घनदाट रान वाढले आहे, असे कोणी सांगितले, तर ते आपल्याला परीकथेतले वर्णन वाटेल. परंतु असा प्रदेश खरोखरच आहे. जर्मनीच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्रात रुगेन नावाचे बेट आहे. त्या बेटाच्या ईशान्येकडील भागाला यास्मुंड म्हणतात. तेथे हा पांढरा कडा आहे आणि तेथेच हे हिरवे रान आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त उत्तर जर्मनीत राहतो. मे महिन्याच्या आरंभी मी त्याच्याकडे गेलो असता तो म्हणाला, "मामा, शहरे तुम्ही पुष्कळ पाहिलीत. आता मी तुम्हांला असे एक रान दाखवतो, की जेथे कोणी झाड तोडत नाही आणि कोणी झाड लावतही नाही."

झाड न तोडण्याने रानाचे रक्षण होते, हे मला समजत होते. परंतु झाड न लावण्यात कसले आले आहे रक्षण, हे मात्र उमगेना. हा प्रश्न मनात घेऊनच मी यास्मुंडला गेलो.

सासनित्झ हे तेथील मासेमारीचे जुने बंदर. गावाची घरे संपतात तोच पायवाट रानात शिरते आणि कड्याच्या माथ्यावरून आठ-नऊ किलोमीटर पुढे जाते. कधी ती कड्याच्या टोकाजवळ येते, कधी शहाण्या माणसासारखी मागे सरून झाडीत वळते. समुद्र उजव्या हाताला असतो. तो दिसत नाही तेव्हाही त्याची गाज ऐकू येते, आणि झाडांच्या बुंध्यांमधून त्याचा निळा प्रकाश आत झिरपत असतो.

या रानात राज्य आहे ते बीच वृक्षाचे. हा वृक्ष आपल्या महाराष्ट्रात आढळत नाही. त्याचा बुंधा राखाडी, सरळ आणि इतका गुळगुळीत, की याला साल आहे की नाही असा संशय यावा. जुन्या देवालयाच्या सभामंडपात खांबांच्या रांगा दिसतात, तसे हे बुंधे दूरवर दिसत राहतात. मी गेलो तेव्हा पालवी नुकतीच फुटली होती. आपल्याकडे आंब्याची पालवी तांबूस असते; बीचची पालवी मात्र कोवळी पोपटी, आणि प्रत्येक पानाच्या कडेला रेशमासारखी लव. जर्मन भाषेत या वृक्षाला 'बूखं' म्हणतात आणि पुस्तकाला 'बूख' म्हणतात. बीचच्या लाकडी फळ्यांवर पूर्वी अक्षरे कोरीत असत, म्हणून हे दोन शब्द एकमेकांचे सगे आहेत, असे अनेक भाषापंडित मानतात. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही झाडालाही पान असते आणि पुस्तकालाही पानच असते.

बीचचा स्वभाव मोठा पाहण्यासारखा आहे. त्याची पाने एकदा पुरती उमलली, की सूर्यप्रकाश जमिनीवर फारसा पोहोचत नाही. रानातल्या लहान रोपट्यांना हे ठाऊक असल्यासारखे ती वसंताच्या आरंभीच घाई करतात. वर पालवी फुटण्याच्या आत ती खाली फुलून घेतात. म्हणून त्या दिवशी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना ॲनिमोनची चांदण्यांसारखी पांढरी फुले पसरली होती. आणखी दोन-तीन आठवड्यांनी तेथे दाट सावली आणि गेल्या वर्षीचा पाचोळा एवढेच उरणार होते.

त्या सावलीत एकच रोप तग धरू शकते, आणि ते म्हणजे बीचचेच. बीचला काटेरी आवरणाची लहान फळे येतात. त्यांत दोन तिकोनी बिया असतात. खाली पडलेल्या बीचे रोप होते आणि ते आपल्या थोरांच्या सावलीत वर्षानुवर्षे, कधी कधी कित्येक दशके, मुकाट्याने उभे राहते. एखाद्या वादळात जुना वृक्ष उन्मळून पडतो. छताला भगदाड पडते आणि प्रकाशाचा झोत खाली येतो. त्याबरोबर इतकी वर्षे वाट पाहत राहिलेली रोपे झपाट्याने वर झेपावतात. पडलेल्या वृक्षालाही कोणी उचलून नेत नाही. त्यावर अळंबी उगवतात, किडे घर करतात. वठलेल्या उभ्या खोडात काळा सुतार पक्षी ढोली कोरतो, आणि तो निघून गेला की त्या ढोलीत घुबडे आणि वटवाघळे राहू लागतात. एका झाडाचे मरण म्हणजे तेथे अनेकांचा संसार. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला असे वाटेतच मिळाले. ज्या रानाला आपली पेरणी आपणच करता येते, तेथे आपण कुदळ घेऊन जाण्याचे प्रयोजन काय?

चालता चालता एका वळणावर झाडी एकदम संपली आणि समोर तो कडा प्रकट झाला. प्रथम डोळेच दिपले. खाली हिरवट निळा समुद्र, वर पोपटी रान, आणि त्या दोहोंच्या मध्ये सरळ उभी असलेली ती शुभ्र भिंत! तिच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या तिरप्या रेघा होत्या आणि तिच्यापुढे पाकोळ्या भिरभिरत होत्या.

हा कडा खडूचा आहे. खडू म्हणजे मऊ, पांढरी चुनखडी. शाळेत फळ्यावर लिहिण्याचा खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो. पण त्याला नाव मिळाले ते या खऱ्या खडूचे. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी येथे उबदार समुद्र होता. त्याच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शेवाळे तरंगत असत. त्यांच्या अंगावर चुन्याच्या इवल्या चकत्यांचे कवच असे. ती मेली की त्या चकत्या तळाशी जाऊन बसत. हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटरांचा थर! असे थरावर थर साचत लाखो वर्षे गेली, तेव्हा हा खडू तयार झाला. १८३६ मध्ये क्रिस्टियान गोटफ्रीड एरेनबेर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने याच रुगेनचा खडू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्याला त्या चकत्या दिसल्या. त्या सजीवांच्या आहेत हे कळायला मात्र आणखी सुमारे पंचवीस वर्षे लागली. पुढे हिमयुगात प्रचंड हिमनद्यांनी हे थर रेटले, वाकवले आणि उचलले. कड्यावरच्या काळ्या रेघा तिरप्या आहेत त्या यामुळेच. त्या रेघा म्हणजे गारगोट्यांच्या ओळी होत. अश्मयुगातील माणूस याच जातीच्या गारगोट्यांपासून सुऱ्या, कुऱ्हाडी बनवीत असे.

येथे मला आपल्या सह्याद्रीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आपल्या दख्खनचा काळा कातळ सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी तप्त लाव्हारसातून घडला. म्हणजे बाल्टिकच्या काठचा हा पांढरा कडा आपल्या काळ्या कड्याचा वडील बंधूच म्हणायचा. एक अग्नीतून जन्मला, दुसरा पाण्यातून. अग्नीतून आलेला कणखर निघाला. पाण्यातून आलेला इतका मऊ, की नखानेही त्यावर ओरखडा उठावा.

आणि जो इतका मऊ आहे, तो समुद्रापुढे किती टिकणार? हिवाळ्यात खडूत मुरलेले पाणी गोठते, वसंतात वितळते. खाली लाटा पायथा पोखरीत राहतात. आणि एखाद्या दिवशी कड्याचा मोठा भाग ढासळून समुद्रात जातो. मग किनाऱ्याजवळचे पाणी कित्येक दिवस दुधाळ दिसते. या किनाऱ्यावर विसोवर क्लिंकन नावाचे टोकदार सुळके होते. त्यांची चित्रे घरोघर पोहोचली होती. कास्पार डाविड फ्रीडरिख या थोर चित्रकाराने १८१८ च्या सुमारास रुगेनच्या खडूच्या कड्यांचे जे प्रसिद्ध चित्र काढले, ते याच सुळक्यांचे असावे असे पुष्कळ लोक समजत. खरे पाहता त्या चित्रकाराने अनेक ठिकाणची रेखाटने एकत्र करून आपले चित्र रचले होते. ते काही असो, लोकांचे त्या सुळक्यांवर प्रेम जडले होते. २४ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांतील मुख्य सुळके कोसळले. सुमारे पन्नास हजार घनमीटर खडू खाली आला. जे शतकानुशतके राहील असे वाटत होते, ते एका दिवसात नाहीसे झाले.

आम्ही त्या जागेजवळ उभे होतो, तेव्हा एक वयस्क वनरक्षक शाळेच्या काही मुलांना माहिती सांगत होते. माझा भाचा त्यांचे बोलणे मला मराठीत सांगत होता. दोन वेण्या घातलेली एक मुलगी पुढे झाली. तिचा चेहरा गंभीर होता. ती म्हणाली, "इतका सुंदर कडा पडतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. मग तुम्ही त्याला खालून भिंत बांधून आधार का देत नाही?"

हाच प्रश्न माझ्याही मनात होता. वनरक्षकांनी तिलाच उलट विचारले, "मुली, हा कडा पांढरा का आहे?"

"खडूचा आहे म्हणून."

"खडू तर तुझ्या पायाखालीही आहे. या रानाखाली सगळीकडे तोच आहे. मग येथे जमीन पांढरी का दिसत नाही?"

मुलीने खाली पाहिले. पाचोळा, गवत, झाडांची मुळे. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "जेथे पडतो, तेथेच पांढरा दिसतो."

"अगदी बरोबर," वनरक्षक म्हणाले. "तो पडतो म्हणून पांढरा राहतो. आपण त्याला भिंत घातली, तर लाटा थांबतील, पडझड थांबेल. पण मग त्यावर माती धरेल, गवत उगवेल, झुडपे येतील. कडा राहील, पण तो आपल्याला दिसणार नाही. इतर टेकड्यांसारखी एक हिरवी टेकडी होऊन जाईल. आमचे काम कड्याला धरून ठेवण्याचे नाही. तो पडताना कोणी त्याच्या खाली किंवा टोकावर असू नये, एवढे पाहण्याचे आहे."

मुलगी काही बोलली नाही. परंतु कठड्यावरचा हात काढून तिने पुन्हा एकदा त्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहिले. जे गेले त्याचे दुःख तिला अजूनही होते, आणि ते तसे असण्यात गैर काहीच नव्हते. वनरक्षकांनीही तिचे दुःख खोडून काढण्याचा प्रयत्न केला नाही.

पायवाटेच्या शेवटी क्योनिग्सश्टूल, म्हणजे 'राजाचे आसन', हा सर्वांत प्रसिद्ध कडा आहे. त्याची उंची ११८ मीटर. प्राचीन काळी जो वीर समुद्राच्या बाजूने हा कडा चढून माथ्यावरच्या आसनावर बसेल, तोच राजा होई, अशी दंतकथा सांगतात. आज त्या आसनाकडे जाणाऱ्यांची गर्दी इतकी मोठी, की पावलांनीच माथा झिजायचा! म्हणून २०२३ मध्ये तेथे अधांतरी जाणारा एक लोखंडी पूल उघडण्यात आला. त्यावरून फेरी मारून सगळे दृश्य पाहता येते, परंतु कड्याच्या माथ्यावर कोणाचे पाऊल पडत नाही. राजाचे आसन आता रिकामे असते. मला वाटले, त्याचा मान खरा राखला गेला तो आता.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला कड्यांपासून दूर, पश्चिमेच्या बाजूस नेले. तेथे खडूच्या जुन्या खाणी आहेत. रुगेनवर खडू काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात भरभराटीस आला. फ्रीडरिख फोन हागेनो या गृहस्थांनी १८३२ मध्ये खडूचा कारखाना काढला. हे गृहस्थ विलक्षण होते. ते खडू विकीत आणि त्याच खडूत सापडणारे प्राचीन समुद्रजीवांचे अवशेष जिवापाड जपून त्यांचा अभ्यास करीत. पुढे अशा अनेक खाणी निघाल्या. मजूर उंच पांढऱ्या भिंतींवर कुदळीने खडू पाडीत. तो पाण्याच्या मोठ्या पिपांत घुसळला जाई. गारगोट्या तळाशी बसत आणि दुधासारखे पाणी पाटांतून हौदांत जाई. तेथे खडू निवळून खाली बसला, की त्याचे गोळे काढून वाळवीत. मग तो रंगांत, कागदात, काचा बसवण्याच्या लुकणात जगभर जाई. उन्हात त्या भिंतींची चकाकी डोळ्यांत खुपे, पावसात सगळीकडे निसरडे होई. पुष्कळ घरांची चूल या कष्टांवर पेटत असे. गुमान्झ या गावी एका जुन्या खाणीपाशी आता खडूचे संग्रहालय आहे. त्यातील वाघिण्या आणि हत्यारे पाहिली, म्हणजे त्या श्रमांची कल्पना येते.

मात्र मी पाहिलेल्या त्या जुन्या खाणीत श्रमांचा आवाज कधीच थांबला होता. खणून केलेल्या खड्ड्यात पाणी साचून हिरवे तळे झाले होते. बेडूक ओरडत होते, पाण्यावर चतुर उडत होते. एके काळी झगझगणारी पांढरी भिंत आता जागोजाग गवताने आणि लहान झाडांनी झाकली होती. अशा चुनखडीच्या उघड्या जमिनीत दुर्मीळ आमरीची फुले येतात. त्यांच्याच कुळातली, पिवळ्या सपातेच्या आकाराचे फूल असलेली एक अतिशय दुर्मीळ आमरी यास्मुंडच्या चुनखडीच्या रानात आढळते.

त्या तळ्याच्या काठी उभा असताना वनरक्षकांचे बोलणे मला नव्याने कळले. दोन पांढऱ्या भिंती मी पाहिल्या होत्या. एक समुद्राने कापलेली, दुसरी माणसाने. समुद्राचे काम अजून चालू आहे, म्हणून त्याची भिंत पांढरीच आहे. माणसाने आपले काम थांबवले, म्हणून त्याची भिंत हिरवी झाली. एकीकडे समुद्राला अडवायचे नाही, दुसरीकडे रानाला अडवायचे नाही. दोन्ही ठिकाणी माणसाने केले ते एवढेच, की आपला हात आवरला.

हात आवरणे ही गोष्ट बोलायला सोपी आहे. यास्मुंडच्या किनाऱ्याला १९२९ मध्येच कायद्याचे संरक्षण मिळाले होते. परंतु राष्ट्रीय उद्यान म्हणून तो घोषित झाला त्याची कथा मोठी चुरशीची आहे. त्या वेळी जर्मनीची दोन राज्ये होती आणि रुगेन पूर्व जर्मनीत होते. ३ ऑक्टोबर १९९० रोजी ती दोन राज्ये एक होणार होती. पूर्व जर्मनीच्या सरकारचे दिवस भरत आले होते. अशा वेळी मिखाएल झुको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रीचा दिवस करून राखून ठेवण्याजोग्या प्रदेशांचे आराखडे तयार केले. १२ सप्टेंबर १९९० रोजी, म्हणजे तीनच आठवडे आधी, त्या सरकारने अशा चौदा प्रदेशांना संरक्षण दिले. त्यांपैकी पाच राष्ट्रीय उद्याने होती, आणि त्यांत यास्मुंड होते. सुमारे तीन हजार हेक्टरांचे हे जर्मनीतील सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यान आहे. २०११ मध्ये युनेस्कोने येथील बीचच्या रानाला जर्मनीतील आणखी चार रानांसह जागतिक वारशात स्थान दिले. आज त्या वारशात युरोपातील अठरा देशांची बीच-राने आहेत. माणसाने शेते आणि शहरे वसवली नसती, तर मध्य युरोपाचा बहुतेक भाग बीचनेच व्यापला असता. त्या अफाट रानाचे हे उरलेले तुकडे आहेत.

खडूची गरज मात्र संपलेली नाही. यास्मुंडवरच, उद्यानाच्या सीमेबाहेर, आजही खडू काढला जातो. तो काढणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या घराच्या भिंतींनाही रंग लागतोच. प्रश्न एवढाच, की कोठवर घ्यायचे आणि कोठे थांबायचे. आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. गावाचे रान तोडताना त्यांनी देवराई तेवढी वगळली आणि तिच्यातले वाळलेले लाकूडही उचलू नये असा नेम घालून दिला.

कोणतीही वस्तू घडवणारा माणूस आपल्याला कर्तबगार वाटतो, आणि तो असतोही. परंतु समर्थ असूनही जो आपला हात मागे घेतो, त्याची कर्तबगारी चटकन डोळ्यांत भरत नाही. तिचे स्मारक कोठे उभे राहत नाही. यास्मुंडला ते आहे. तेथे कडा दर वर्षी थोडा थोडा ढासळतो, समुद्र थोडा पुढे येतो, पायवाट थोडी मागे सरते. आणि वठलेल्या वृक्षाखाली बीचचे एक बोटभर रोप, कोणी न लावलेले, आपल्या वाट्याच्या प्रकाशाची वाट पाहत उभे असते.